आकड्यापलीकडचा माणूस : डेव्हिड वेक्सलर

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या होस्टेलमध्ये एक वेगळीच साथ पसरते. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आयक्यू मोजणारी कसली तरी चाचणी उघडलेली असते. वीस मिनिटांत आकडा हजर! ज्याला १३५ येतात तो मेसमध्ये दोन चपात्या जास्त खातो आणि ज्याला ९२ येतात तो जेवायलाच येत नाही. गंमत सोडा, पण आमच्याच मजल्यावरचा एकजण असा ९२ चा आकडा पाहून ‘गेट’चा फॉर्म भरावा की नको या विचारात पडला होता. मोठ्या माणसाचा बुद्ध्यांक वाचायचा तरी कसा, हे शोधता शोधता मला पुस्तकांतून एक माणूस भेटला. त्याचं नाव डेव्हिड वेक्सलर. प्रौढांची बुद्धी मोजण्यासाठी जगभर जी चाचणी प्रमाण मानली जाते ती याच्याच नावाची. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका, हे आयुष्यभर सांगणारा माणूसही हाच!

वेक्सलरचा जन्म १२ जानेवारी १८९६ चा, रुमानियातल्या लेस्पेझी गावचा. ज्यू कुटुंब, सात भावंडं, त्यात हा शेंडेफळ. तो सहा वर्षांचा असताना घरच्यांनी गाव सोडलं आणि न्यूयॉर्क गाठलं. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. थोरला भाऊ इस्रायल पुढे नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ झाला. धाकट्याला त्यानेच सांभाळलं. डेव्हिडने १९१६ मध्ये सिटी कॉलेजातून पदवी घेतली आणि १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं.

त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो जवानांची भरती सुरू झाली. कोणाला अधिकारी करायचं, कोणाला साध्या कामावर ठेवायचं, हे ठरवायला रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली दोन सामूहिक चाचण्या तयार झाल्या. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. सुमारे १७ लाख माणसं या चाळणीतून गेली. वेक्सलर आधी अल्फाचे पेपर तपासायला बसला आणि मग टेक्सासमधल्या कॅम्प लोगनला गेला. सामूहिक चाचणीत जे नापास झाले त्यांना एकेकट्याला समोर बसवून पुन्हा तपासायचं, हे तिथलं त्याचं काम.

इथे थोडं गणित सांगायला हवं. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेतल्या मुलांसाठी. मूल कितव्या वर्षाच्या पातळीचे प्रश्न सोडवतं त्यावरून त्याचं मानसिक वय काढायचं. पुढे मानसिक वय भागिले खरं वय गुणिले १०० हे सूत्र रूढ झालं. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतकं केलं तर १२५. मुलांपुरतं ठीक आहे. पण मोठ्यांचं काय? उंची जशी एका वयानंतर वाढत नाही तसंच या गुणांचंही होतं. मग चाळीस वर्षांच्या माणसाचं मानसिक वय सोळा आलं तर त्याचा बुद्ध्यांक ४० म्हणायचा का? यावर तोड म्हणून स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी १९१६ मध्ये सगळ्या प्रौढांचं वय सरसकट सोळा धरलं. म्हणजे उत्तर जुळत नाही म्हणून जर्नलमध्ये रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करावं तसंच हे झालं!

कॅम्प लोगनमध्ये वेक्सलरसमोर ओक्लाहोमाचा एक माणूस आला. चाचणीने त्याचं मानसिक वय आठच्या आसपास काढलं. सूत्रात घातलं तर बुद्ध्यांक ५०, म्हणजे शिक्का ठरलेलाच. पण हा माणूस गावाकडे तेलविहिरी खोदणारा कुशल कारागीर होता, आणि कमाई करून कुटुंब पोसत होता. अशी आणखीही उदाहरणं वेक्सलरला दिसली. आपल्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला डोळ्यांसमोर आणा. वारा, भरती-ओहोटी, इंजिन, खलाशी, डिझेलचा हिशोब हे सगळं तो सांभाळतो. त्याला टेबलावर बसवून शाळकरी मुलांचे प्रश्न विचारले आणि तो अडखळला, तर चूक कुणाची? तांडेलाची की फूटपट्टीची?

हा प्रश्न वेक्सलरने सोडला नाही. सैन्यानेच त्याला लंडनला पाठवलं. तिथे चार्ल्स स्पिअरमन आणि कार्ल पिअरसन यांच्याकडे तो शिकला. पिअरसन म्हणजे तेच, ज्यांचा कोरिलेशन कोइफिशंट आपल्याला गणिताच्या पेपरात छळतो. मग दोन वर्षं पॅरिस, १९२५ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. आणि १९३२ पासून न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात मुख्य मानसशास्त्रज्ञाची नोकरी. आपल्या गावात प्रादेशिक मनोरुग्णालय असल्यामुळे अशा जागेची थोडीफार कल्पना आपल्याला करता येते. न्यूयॉर्कमधलं हे सरकारी इस्पितळ म्हटल्यावर तिथे गरीब, परभाषिक, तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. त्यांना मुलांची चाचणी लावणं वेक्सलरला पटेना. म्हणून १९३९ मध्ये त्याने प्रौढांसाठी ‘वेक्सलर-बेलव्ह्यू’ ही चाचणी काढली. १९५५ मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती ‘वेस’ या नावाने आली.

त्यातले बरेच खेळ जुनेच होते. आकडे सुलट-उलट म्हणणं, तोंडी हिशोब, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, दोन वस्तूंतलं साम्य सांगणं. नवीन होती ती निकाल वाचायची रीत. मानसिक वयाचा भागाकार त्याने काढूनच टाकला. माणसाची तुलना करायची ती त्याच्याच वयाच्या लोकांशी. सरासरी १०० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १५. नॉर्मल कर्व्ह आठवा : ८५ ते ११५ च्या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के माणसं बसतात, ७० ते १३० मध्ये सुमारे ९५ टक्के. म्हणजे नीट घेतलेल्या चाचणीत ९२ आले तरी शंभरातले सुमारे तीस जण खाली असतात, आणि ९० ते १०९ या पट्ट्याला सर्वसाधारणच म्हणतात. मोबाईलवरच्या चाचणीला असा मोजून काढलेला समवयस्कांचा गटच बहुधा नसतो. मग तिचा १३५ तरी कशाच्या तुलनेत म्हणायचा?

दुसरी गोष्ट म्हणजे एरर. व्हर्नियरला लीस्ट काउंट असतो तसा याही मापाला असतो. १०८ हा आकडा साधारण १०३ ते ११३ असा वाचायचा. १०५ वाला आणि १०८ वाला यांत हुशार कोण, हा वाद निरर्थक आहे. तिसरी गोष्ट आहे सरासरीची. दोघांचेही १०० असतील, पण एकाची शब्दांवर पकड आणि ठोकळ्यांत गडबड, दुसऱ्याचं नेमकं उलटं. भाग एकमेकांपासून फार दूर असतील तर एकूण आकडा काहीच सांगत नाही. ‘अ‍ॅव्हरेज चार फूट पाणी’ ऐकून खाडीत उतरण्यासारखंच ते!

चौथी गोष्ट भाषेची आणि काळाची. अमेरिकेतले प्रश्न जसेच्या तसे कोकणातल्या माणसाला विचारून चालत नाही. म्हणूनच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बसून १९३४ मध्ये बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. मुलांसाठीच्या वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मलिन यांनी १९६९ मध्ये केलं. शिवाय प्रमाणं जुनी होतात. अमेरिकेत दर दशकाला सुमारे तीन गुणांनी सरासरी चढत गेली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. जुन्या प्रमाणांवर मोजलं तर आकडा उगाच फुगतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिकाटी, उमेद, भीती, आजारपण हे सगळं निकालात उतरतं असं वेक्सलर मानायचा. त्याच्या दृष्टीने बुद्धी म्हणजे हेतू धरून वागणं, विवेकाने विचार करणं आणि भोवतालच्या परिस्थितीशी नीट निभावून नेणं, हे सगळं मिळून. चाचणी त्यातला एक तुकडा दाखवते, उरलेलं तपासणाऱ्याने माणसाशी बोलून शोधायचं.

त्याचं सगळंच टिकलं असं नाही. मेंदूची झीज ओळखण्यासाठी त्याने सुचवलेला निर्देशांक पुढच्या संशोधनात फारसा उतरला नाही. शाब्दिक आणि कृती अशी दोन बुद्ध्यांकांची त्याची विभागणीही २००८ च्या चौथ्या आवृत्तीत गेली. पाचवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. वेक्सलर १९६७ मध्ये बेलव्ह्यूतून निवृत्त झाला आणि २ मे १९८१ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये वारला.

पण ओक्लाहोमाच्या त्या माणसाने विचारायला लावलेला प्रश्न आजही जिवंत आहे. बौद्धिक अक्षमतेचा दाखला देताना आज आपल्याकडेही नुसता बुद्ध्यांक पुरत नाही. तो माणूस रोजचा व्यवहार कसा सांभाळतो हेही तपासावं लागतं. एखाद्याचं पेन्शन, नोकरी, सवलत त्यावर ठरते. तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या घरच्या कुणाचा असा रिपोर्ट हातात आला तर आकडा पाहून थांबू नका. चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, तुलना कोणत्या वयोगटाशी केली, भागवार गुण किती आणि त्या दिवशी माणसाची तब्येत कशी होती, एवढं तपासणाऱ्याला जरूर विचारा.