सोड्याच्या दुकानावर तगलेले दंत महाविद्यालय

भिलाई, २४ डिसेंबर : पोलादाच्या या शहरात आज दंत महाविद्यालय आहे, शेजारच्या दुर्ग आणि राजनांदगाव परिसरातही आहे. देशातील असे पहिले महाविद्यालय मात्र १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि त्याचा खर्च संस्थापकाच्या आइस्क्रीम-सोड्याच्या दुकानातून भागत होता. ते संस्थापक म्हणजे डॉ. रफीउद्दीन अहमद. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. भारतीय दंतवैद्यक संघटना हा दिवस राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळते.

अलीगढ येथील शिक्षणानंतर १९०९ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी मिळवून त्यांनी बोस्टनमधील मुलांच्या दंत रुग्णालयात काम केले. या शास्त्रासाठी तो विलक्षण काळ होता. मेणाच्या साच्यावरून सोन्याचे अचूक ओतीव भरण करण्याची रीत १९०७ मध्ये पुढे आली होती, प्रोकेनच्या इंजेक्शनने दाताची वेदना थोपवता येत होती आणि क्ष-किरणांनी हाडात दडलेले मूळ दिसू लागले होते. १९१९ मध्ये ते परतले तेव्हा येथे बाजारात बसून दात उपटणाऱ्यांना ना शिक्षणाची अट होती, ना कायद्याची.

महाविद्यालयाला पैसा हवा होता. डॉ. अहमद यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ थाटले आणि त्याची कमाई संस्थेत ओतली. दात किडवणाऱ्या गोडाने दंतवैद्य घडवावेत, हा योगायोग गमतीचा खरा. पहिल्या तीन वर्षांत जेमतेम ११ विद्यार्थी पदवीधर झाले. पुढे पाकिस्तानच्या राजकारणात गाजलेल्या फातिमा जिना याच महाविद्यालयात शिकल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला.

डॉ. अहमद यांनी १९२५ मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि १९२८ मध्ये दात कोरणे व भरणे या विषयावर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाची निकड समजण्यासाठी तेव्हाचे साहित्य पाहावे लागते. चांदी, कथील आणि पारा यांचे मिश्रण दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आत रुंद, तोंडाशी अरुंद कोरावा लागे. त्यात निरोगी भागही जाई. कोरणारा हात कच्चा असेल तर उपचारानेच दात गमवावा लागे.

ही अडचण १९५५ नंतर सुटू लागली. सौम्य आम्लाने दाताचे कवच खरबरीत केले की राळ त्याला घट्ट धरते, हे अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले. रेमंड बोवेन यांच्या नव्या राळेमुळे दाताच्याच रंगाचे भरण शक्य झाले आणि किडलेला भाग तेवढाच कोरणे पुरेसे ठरू लागले. त्याच दशकात हवेच्या झोतावर मिनिटाला लाखो फेरे घेणारे कोरणी-यंत्र आले. काळपट रबराच्या कवळीची जागा अ‍ॅक्रिलिकने त्याआधीच घेतली होती.

स्वतः डॉ. अहमद तोपर्यंत सार्वजनिक जीवनात गुंतले होते. १९४९ मध्ये महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन करून १९५० ते १९६२ या काळात ते पश्चिम बंगालचे मंत्री होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे कृत्रिम मूळ बसवले. भिलाईचे पोलाद रुळांसाठी प्रसिद्ध असले, तरी जिवंत हाड ज्याच्याशी एकजीव होते तो धातू हा.

दंतवैद्यकाला कायद्याची चौकट मिळावी हा त्यांचा आग्रह बंगालमध्ये १९३९ मध्ये आणि देशभरात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने फळाला आला. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर जगणाऱ्यांची त्या कायद्याने वेगळ्या भागात नोंद केली. बाजारातल्या माणसाची भाकर एका फटक्यात हिरावली नाही. त्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. कोलकात्यातील महाविद्यालय आज डॉ. आर. अहमद यांच्याच नावाने चालते.