बेलच्या डबीतला फॅरडे

सिल्लोडला पावसाळ्यात फाटकावरचे बेलचे बटण ओल्या बोटाने दाबणाऱ्याला मायकेल फॅरडे आठवण्याचे काही कारण नाही. पण त्या बटणापाशी २३० व्होल्ट आहेत की फक्त ८, हे ठरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ याच माणसाच्या प्रयोगात आहे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील आजारी असत, घरात ओढाताण. शाळा लिहिण्यावाचण्यापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी तो बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचू लागला; विश्वकोशातला विजेवरचा लेख त्यातच सापडला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली, टिपणे स्वतः बांधून डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून जागा मिळाली.

सुरक्षिततेचा तिथे पत्ताच नव्हता. डेव्हीचे डोळे स्फोटात दुखावले होते, १८२३ मध्ये फॅरडेच्याही डोळ्यात काचेचे तुकडे गेले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाच्या लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. तारांमध्ये सुती कापड आणि दोरा. वेटोळी एकमेकांना कुठेच टेकत नव्हती. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याजवळची चुंबकसुई हलली. मग थांबली. बॅटरी काढताच उलटीकडे हलली. म्हणजे वीज निर्माण होते ती बदलाच्या क्षणी. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर बॅटरीच्या सरळ प्रवाहावर चालत नाही, घरातल्या उलटसुलट प्रवाहावर चालतो.

बेलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हेच आहे. पहिल्या वेटोळ्यात जास्त वेढे, दुसऱ्यात साधारण एकोणतीस पटीने कमी, म्हणून २३० चे ८ होतात. वैद्यकीय दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो. ओल्या शरीराचा विरोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतील, हृदयाची लय बिघडून जीव जाण्याइतके. ८ व्होल्टला जेमतेम ८, म्हणजे फार तर झिणझिण्या. आपल्याकडे मात्र बऱ्याच घरांत बेल थेट २३० वर जोडलेली असते आणि बटण बाहेर पावसात. ही काटकसर महागाची आहे. आपल्या बेलची जोडणी कशी आहे, हे वायरमनला विचारून घ्यावे.

पन्नाशीच्या आत फॅरडेला चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरणाने गाठले. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याकडे नंतर बोट दाखवले गेले, पण ते सिद्ध झालेले नाही. १८४१ मध्ये काम सोडून तो स्वित्झर्लंडला गेला, तिथे भरपूर चालला, आणि १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम शोधला. डोके थकल्यावर त्याला विश्रांती देण्याचे शहाणपण त्याच्याकडे होते. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले. मुलांसाठीची नाताळातली व्याख्याने मात्र वर्षानुवर्षे दिली.

स्मरणशक्ती पुढे पुन्हा ढासळत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. बुडापेस्टच्या तीन इंजिनिअरांनी रोजच्या वापराजोगा ट्रान्सफॉर्मर बनवला तो १८८५ मध्ये, त्यानंतर अठरा वर्षांनी.