देवी अहिल्याबाईंची दिनचर्या

श्रावण वद्य चतुर्दशी ही देवी अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी. या तिथीस इंदूर नगरात त्यांची पालखी निघते, काशी, गया, सोमनाथ ही नावे घेतली जातात आणि त्यांनी बांधलेल्या घाटांची, विहिरींची व धर्मशाळांची आठवण निघते. हे सर्व योग्यच आहे. परंतु आम्ही या खेपेस त्यांच्या चरित्राकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहणार आहोत. आमच्या सभासद कुटुंबांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. घर, नोकरी किंवा पेढी, मुलांचे शिक्षण आणि देवधर्म या सर्वांस दिवस पुरत नाही. रात्री अंथरुणास पाठ टेकावी तर काम थोडे झालेले आणि शीण मात्र फार. अहिल्याबाईंच्या वाट्यासही साठच घटकांचा दिवस आला होता. त्यांनी तो कसा खर्च केला याची हकीकत सुदैवाने शिल्लक आहे, आणि ती मंदिरांच्या यादीइतकीच मनन करण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी नगर प्रांतातील चौंडी या लहानशा गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे तेथील पाटील. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि एका खेड्यातील मुलगी माळव्याच्या मोठ्या घराण्यात आली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव कामास आले. बाईंनी सती जाण्याचा निश्चय केला होता. वृद्ध सासऱ्यांनी विनवण्या करून त्यांस परावृत्त केले. राज्याच्या कामाचे धडे त्यांनी गिरविले ते या सासऱ्यांच्या हाताखाली. सुभेदार सदैव मोहिमेवर. मागे हिशेब, वसुली व पत्रव्यवहार पाहण्याचे काम सुनेकडे. १७६५ साली मल्हाररावांनी त्यांस ग्वाल्हेरच्या वाटेवरील तोफखान्याची व दारूगोळ्याची तजवीज करण्याविषयी पत्र लिहिले होते. सुनेस असे पत्र लिहिणारा सासरा त्या काळी विरळाच म्हटला पाहिजे.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत असा की, एखादे मूल दत्तक घेऊन गादीवर बसवावे आणि बाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. रघुनाथराव दादांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. बाईंनी तो बेत मान्य केला नाही, माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क उचलून धरला, आणि ते संकट युद्धावाचून टळले. ही कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

त्या वेळी बाईंनी जी वाटणी केली, तिच्याकडे मात्र चरित्रकारांचे व्हावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. त्यांनी सैन्याचे काम स्वतःकडे ठेवले नाही. होळकरांच्याच कुळातील तुकोजी या वडीलधाऱ्या सरदारास त्यांनी सेनापती नेमले. तुकोजी वयाने बाईंहून मोठे. तरी ते त्यांस माता म्हणत, आणि आपल्या शिक्क्यात स्वतःस मल्हाररावांचे पुत्र म्हणवीत. मोहिमा, छावण्या आणि फौजेचे नित्याचे गाऱ्हाणे त्यांच्याकडे गेले. बाईंनी आपल्याकडे मुलुखाची वसुली, न्याय, खजिना आणि परदरबारांशी बोलणे एवढेच ठेवले. एवढेच म्हणावे तर तेही एका मनुष्याच्या आयुष्यास पुरून उरेल असे होते. परंतु ज्यास आपण स्वतः पुरे पडू शकत नाही ते दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, हा विचार गादीवर बसल्याबरोबर सुचणे हे सामान्य नव्हे. राजधानीही त्यांनी नर्मदातीरी महेश्वरास केली. इंदूरची वस्ती आणि व्यापार त्यांच्याच आश्रयाने वाढला, पण त्या स्वतः त्या गजबजाटात राहिल्या नाहीत.

आता त्यांच्या दिवसाकडे वळू. १८१८ साली माळवा इंग्रजांच्या अमलाखाली आल्यानंतर सर जॉन माल्कम या अधिकाऱ्याने या प्रांताची बारकाईने माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बाईंना जाऊन त्या वेळी पुरती तीस वर्षेही झालेली नव्हती. त्यांना पाहिलेली, त्यांच्या पदरी राहिलेली माणसे हयात होती. एवढी स्तुती ऐकून माल्कमला प्रथम शंकाच आली, म्हणून त्याने निरनिराळ्या जातीधर्मांच्या लोकांकडे पुन्हा पुन्हा चौकशी केली. त्या चौकशीतून बाईंच्या दिवसाचे जे वेळापत्रक निघाले ते असे.

सूर्योदयापूर्वी सुमारे अडीच घटका, म्हणजे तासभर आधी, त्या उठत. स्नान, संध्या, पूजा झाली की ठराविक वेळ पुराणश्रवण. नंतर दानधर्म, आणि ब्राह्मणभोजन स्वतः उभे राहून. मग त्यांचे स्वतःचे जेवण. ते नेहमी शाकाहारी असे. त्यांच्या घराण्यास तसा निर्बंध नसताही त्यांनी हा नेम आपल्यापुरता धरला होता. जेवणानंतर पुन्हा थोडी प्रार्थना आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास वस्त्रे नेसून त्या दरबारात येत आणि संध्याकाळी सहापर्यंत बसत. पडदा त्या पाळीत नसत. फिर्याद घेऊन येणाऱ्यास त्यांच्यासमोर उभे राहता येई. सहानंतर दोन-तीन तास देवाचे व थोडक्या फराळाचे. रात्री नऊ वाजता पुन्हा राजकाज, ते अकरापर्यंत. अकरास निद्रा.

वाचकांनी येथे थोडे थांबून हिशेब करावा. दरबारचे चार तास आणि रात्रीचे दोन, मिळून सहा. एवढ्या वेळात माळव्याचा कारभार चाले; पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ आणि कलकत्ता येथील वकिलांशी व्यवहार याच्याच पोटात. कित्येक आधुनिक वाचक म्हणतील की, सकाळचा उत्तम वेळ बाईंनी पूजेत घालविला, तो राज्यास दिला असता तर अधिक कार्य झाले असते. आमचे मत याच्या उलट आहे. पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत त्यांच्या मनास कोणी ओढीत नसे. दरबारात त्या येत त्या जेवून, विसावा घेऊन आणि चित्त स्थिर करून. म्हणून चार तास एका बैठकीत ऐकून घेण्याची ताकद त्यांच्यात असे. लहान कज्जांतही त्या कंटाळल्याशिवाय लक्ष घालीत, असे माल्कमने आवर्जून नोंदविले आहे. सहा तासांचे लक्ष अखंड असेल तर ते बारा तासांच्या धावपळीस भारी पडते, हे आमच्या पेढीवाल्या मंडळींस निराळे सांगावयास नको. शिवाय दुपारची विश्रांती त्यांनी आळस मानली नाही. रात्री अकरास निजून पहाटे उठणाऱ्या मनुष्याचा देह तिच्यावाचून फार दिवस टिकता ना.

आपल्या शक्तीची बचत करण्याची त्यांची दुसरी रीत माणसे न बदलण्यात होती. राज्याची घडी दर सालास मोडून नवी बसविण्यात किती श्रम वाया जातात, हे त्यांनी ओळखले असावे. गोविंदपंत गानू हे त्यांचे दिवाण अखेरपर्यंत तेच राहिले. इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते. वसुलीचा आकार माफक, गावकऱ्यांचे व पाटलांचे पूर्वापार हक्क कायम, तंट्याचा निवाडा प्रथम पंचायतीत. तेथे समाधान न झाले तर बाईंकडे वाट मोकळी. आपल्यापर्यंत कोणते काम यावे आणि कोणते खालीच मिटावे, याची अशी चाळणी लावून ठेवल्यामुळेच दुपारचे चार तास पुरत असत.

देवकार्याचीही तीच तऱ्हा. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली उभे राहिले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली. हे सर्व महेश्वरास बसून झाले. खर्च दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर स्वतंत्र खासगीतून, आणि बांधकाम पुरे झाल्यावरही पूजेअर्चेची नेमणूक लावून दिलेली. दूरदूरच्या देवस्थानांस गंगेच्या पाण्याच्या कावडी जात. महेश्वराच्या आसपास उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी मिळे, आणि शेतात नांगरास जुंपलेल्या बैलांस थांबवून त्यांस पाणी पाजणारी माणसेही नेमलेली होती. एकदा नेम बांधून दिला की त्याची रोज आठवण करावी लागत नाही. आमच्या समित्यांच्या सभांत एकाच नंदादीपाच्या तेलावर दरमहा होणारी चर्चा ऐकून आम्हांस कधी कधी बाईंच्या या नेमणुका आठवतात!

आणखी एक लहानशी गोष्ट. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकविला. त्या ब्राह्मणाकडे पुढे लक्ष दिले नाही.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. फौज एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे, यातून पुढे तुकोजी व बाई यांच्यात पैशावरून वारंवार खटके उडाले. शिंद्यांनी कवायती पलटणी उभारल्या, तशी तयारी होळकरांकडे वेळेवर झाली नाही, आणि १७९३ साली लाखेरीच्या लढाईत त्याचे फळ भोगावे लागले. जे आपण दुसऱ्याच्या हाती देतो त्यावरची नजरही कमी होते; बाईंच्या वाटणीतील ही उणीव त्यांच्या भक्तांनीही मान्य करावी.

त्यांच्या नेमाची खरी कसोटी मात्र रणांगणावर नव्हे, घरातच लागली. कन्या मुक्ताबाई ही त्यांचे एकमेव उरलेले अपत्य. तिचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. त्या दुःखातून सावरतात न सावरतात तोच, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव फणसे निवर्तले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी सुनेस केली होती, तीच आता त्या सुनेने आपल्या मुलीस केली. सुनेने ऐकले होते; मुलीने ऐकले नाही. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा इतक्या वर्षांचा तो संयम तुटला आणि धरलेले हात सोडविता येईनात म्हणून त्यांनी ते चावून घेतले. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस त्यांच्या पोटात जवळजवळ अन्न गेले नाही आणि तोंडातून शब्द निघाला नाही. पूजा, पुराण, दरबार, रात्रीचे कागद यांचा सारा क्रम त्या तीन दिवसांत थांबला.

चौथ्या दिवसापासून तो पुन्हा कसा लागला, याचे वर्णन कोणी केलेले नाही. गेलेल्यांच्या स्मरणार्थ बाईंनी एक सुंदर वास्तू उभारविली, आणि त्या पुन्हा राज्याच्या कामास लागल्या, एवढे मात्र खरे. वय सहासष्ट. घरात आपले म्हणावे असे कोणी उरले नव्हते. अशा वेळी दुपारी दोन वाजता वस्त्रे नेसून गादीवर जाऊन बसणे आणि कोणा शेतकऱ्याची बांधाची तक्रार ऐकणे, यास काय लागत असेल याची कल्पना ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी. आम्हांस असे वाटते की, त्या काळात बाईंनी नेमास धरले त्याहून नेमानेच बाईंस धरून ठेवले.

यापुढे त्या चार वर्षे जगल्या. काळजीने व श्रमाने देह झिजला होता. व्रतेउपवास त्यांनी शेवटपर्यंत कडक पाळले, आणि त्यामुळे अंत लवकर आला असे काही लोकांनी माल्कमला सांगितले. दिवसातील प्रत्येक घटकेचा विचार करणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या देहाविषयी तेवढा विचार केला नाही, ही हळहळ त्या माणसांच्या बोलण्यात असावी, आणि ती आम्हांसही वाटते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. दौलतीचा सारा भार तुकोजींवर आला. तेही दोन वर्षांत, १७९७ साली, गेले. महेश्वरच्या किल्ल्यातील वाड्यात बाईंची गादी आजही दाखविली जाते. नर्मदास्नानास जाणाऱ्या आमच्या सभासदांनी ती अवश्य पाहावी.