इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

कोलाडाहून नागोठण्याच्या वाटेनें उत्तरेस गेलें म्हणजे पुढें पेण तालुका लागतो. त्या तालुक्यांत वरसई नांवाचें गांव आहे. तेथें सन १८६३ मध्यें विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म झाला. महाराष्ट्र ज्यांस इतिहासाचार्य म्हणून ओळखतो तेच हे गृहस्थ. ते आमच्याच जिल्ह्याचे असूनही त्यांचें चरित्र आमच्या मंडळ्यांतून फारसें कोणास ठाऊक नसतें, म्हणून तें येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बालपणींच त्यांचें पितृछत्र हरपलें. पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. परीक्षेपुरतें वाचावें आणि परीक्षा होतांच पुस्तक मिटावें, ही रीत त्यांस मानवली नाहीं. नेमलेलीं पुस्तकें बाजूस ठेवून ते ग्रंथालयांत आपणांस हवें तें वाचीत. त्यामुळें पदवी मिळण्यास विलंब लागला. परंतु शिकण्याची जी गोडी लागली ती मरेपर्यंत सुटली नाहीं. कांहीं काळ शिक्षकाचें काम केल्यावर सन १८९४ मध्यें त्यांनीं 'भाषांतर' नांवाचें मासिक काढिलें. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यासारख्यांचे ग्रंथ मराठी माणसास आपल्या भाषेंत वाचावयास मिळावे, हा त्यांचा हेतु होता. ऐन तारुण्यांत पत्नी वारली. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं.

याच सुमारास त्यांच्या हातीं वाई येथें जुन्या कागदांचीं दप्तरें आलीं. त्यांत पानिपतच्या युद्धाच्या वेळचीं पत्रें होतीं. तीं निवडून सन १८९८ मध्यें त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत सन १७५० पासून १७६१ पर्यंतचीं पत्रें आहेत. पुढें या मालेचे एकंदर २२ खंड झाले.

हें काम किती कष्टाचें होतें हें वाचकांनीं मनांत आणावें. त्या काळीं जुने कागद वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेले पडून असत. त्यांतले कांहीं वाळवी खाई, कांहीं पावसाच्या गळतीनें कुजत, आणि कांहीं रद्दीच्या भावानें विकले जाऊन दुकानदाराच्या पुड्यांस लागत. राजवाडे गांवोगांव हिंडत, आपला स्वयंपाक आपण करीत, आणि दारोदार जाऊन कागद दाखविण्याची विनंती करीत. कागद बाहेर गेल्यास इनाम-वतनाचा कांहीं बखेडा उभा राहील या भीतीनें पुष्कळ लोक त्यांस परत लावीत. तरी ते पुन्हां जात. मिळालेला कागद मोडींतून वाचावा, त्याची मिति ठरवावी, बाळबोधींत उतरावा आणि छापावा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

कागद एकट्याच्या घरीं सुरक्षित राहत नाहीं हें जाणून सन १९१० मध्यें त्यांनीं खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्यानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. त्याच्या आदल्या वर्षीं एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापिली होती. सन १९२४ मध्यें उत्तर कोंकणच्या जुन्या वृत्तांताची 'महिकावतीची बखर' त्यांनीं प्रसिद्ध केली.

उतरून ठेवण्याचें महत्त्व ख्रिस्ती वाचकांस आणखी एका उदाहरणानें कळेल. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें गोमंतकांत प्रथम छापिलें गेलें. त्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. कुटुंबांनीं हातानें उतरलेल्या प्रती राहिल्या, म्हणूनच सन १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हां छापतां आलें.

राजवाड्यांच्या अंगीं दोष नव्हते असें नाहीं. ते फार तापट होते. ज्या मंडळाची स्थापना त्यांनीं केली त्यांतूनही मतभेद होऊन ते बाहेर पडले. त्यांचीं कित्येक अनुमानें पुढील विद्वानांनीं सोडून दिलीं, आणि जातींविषयींच्या त्यांच्या लिखाणास प्रबोधनकार ठाकरे यांनीं सन १९१८ मध्यें सडेतोड उत्तर दिलें. परंतु अनुमान खोटें ठरलें तरी जपलेला कागद खोटा होत नाहीं. त्याच कागदावरून पुढचा मनुष्य चूक दुरुस्त करितो.

येथें आमचा एखादा वाचक म्हणेल कीं, हीं दप्तरें सरदारांच्या व कुळकर्ण्यांच्या घरचीं; आमच्या आजा-पणज्यांस अक्षरओळखही नव्हती, त्यांचें काय जपावें? हा प्रश्न खरा आहे, आणि आम्हांसही तो सलतो. ज्याच्या हातीं लेखणी होती त्याचाच इतिहास बहुतेक उरला. पण याचें उत्तरही राजवाड्यांच्याच कामांत सांपडतें. गांवांचीं नांवें, आडनांवें, बोलींतले शब्द, हेंही इतिहासाचें साधन आहे असें मानून ते तीं गोळा करीत. त्यांचे धातूंचे व शब्दांच्या व्युत्पत्तीचे कोश त्यांच्या मागें छापिले गेले. अर्थात् कुंडलिकेच्या कांठीं ज्या म्हातारीस जुन्या भाताच्या जाती, औषधी पाल्याचे उपयोग आणि प्रत्येक शेताचें नांव ठाऊक आहे, ती स्वतःच एक दप्तर आहे. तिच्याबरोबर तें नाहींसें होतें आणि रद्दीलाही उरत नाहीं.

३१ डिसेंबर १९२६ रोजीं राजवाडे धुळें येथें वारले. शेवटपर्यंत त्यांचें वाचणें व टिपणें चालूच होतें. त्यांनीं जमविलेलें धन जपण्यासाठीं सन १९२७ मध्यें तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यांनीं मागें शेतवाडी ठेविली नाहीं, कागद ठेविले.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, मंडळीचीं बाप्तिस्म्याचीं व लग्नांचीं जुनीं पुस्तकें पावसाळ्यापूर्वीं पाहावीं, वाळवी लागली असल्यास तीं नव्या वहींत उतरावीं. आणि येत्या सुटींत एक कोरी वही घेऊन गांवांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ जाऊन बसावें. त्यांस विचारावें, ऐकावें आणि लिहून ठेवावें. तीं माणसें फार दिवस थांबणार नाहींत.