श्रीसंत बहिणाबाई : चरित्र परिचय

भजनात अभंगाच्या अखेरीस संतांचे नाव येते. या नाममुद्रेमुळेच रचनाकाराची ओळख शतकानुशतके टिकली. श्रीसंत बहिणाबाईंनी याही पुढे जाऊन स्वतःचे संपूर्ण जीवन अभंगांतून कथन केले. मराठीतील आद्य आत्मचरित्रांत या आत्मनिवेदनाची गणना होते.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० (इ.स. १६२८) मध्ये वेरूळनजीकच्या देवगाव (रंगारी) येथे आऊदेव कुलकर्णी व जानकी या दांपत्याच्या पोटी झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी, तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचा विवाह लावण्यात आला. पुढे भाऊबंदकीमुळे कुटुंबास गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भटकंती करीत सर्वजण कोल्हापुरी स्थिरावले.

तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. बहिणाबाईंच्या लाडक्या वासरासह त्या कीर्तनास जात. लोकांत त्यांचा बोभाटा होताच पतीने त्यांना बेदम मारहाण केली. पुढे ते वासरू गतप्राण झाले. त्या शोकावस्थेतच तुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन अनुग्रह केला, असे त्या सांगतात. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संतास गुरू करावे, हे पतीस असह्य झाले. ते घर सोडण्यास निघाले. परंतु आजारपणात बहिणाबाईंनी केलेल्या सेवेने त्यांचे मन पालटले.

पुढे हे कुटुंब देहूस गेले. तेथे मंबाजीने त्यांचा छळ केला, तरीही त्यांची गुरुनिष्ठा ढळली नाही. खरा ब्राह्मण जन्माने ठरत नाही, हे सांगणाऱ्या वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी अभंगांत आणला. वारकरी परंपरेस मंदिराची उपमा देऊन ज्ञानदेवांना पाया व तुकोबांना कळस म्हणणारा सुप्रसिद्ध अभंगही त्यांच्याच नावे गायला जातो.

अंतकाळी त्यांनी पुत्र विठोबास आपल्या पूर्वजन्मांचा वृत्तांत सांगितला. शके १६२२ (इ.स. १७००) मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिऊर (ता. वैजापूर) येथे आहे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या निराळ्या होत, याची भाविकांनी नोंद घ्यावी.

ज्या काळी स्त्रीस स्वतःच्या नावाने बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळी या माउलीने आपले दुःख व भक्ती आपल्याच मुद्रेने जगापुढे ठेवली. भजनात त्यांचे नाव येताच भाविकांनी त्यांचे हे धैर्य स्मरावे, ही नम्र विनंती.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥