पिशवीतलं दूध नासतं, टेट्रापॅक टिकतो: लुई पाश्चर आणि राहून गेलेला एक बग

मागच्या उन्हाळ्यात आमच्या फ्लॅटमधला फ्रिज बंद पडला. पिशवीतलं दूध संध्याकाळपर्यंत नासलं. कपाटातलं टेट्रापॅकचं दूध मात्र आठवड्यानंतरही ठणठणीत. दोन्ही दुधंच, दोन्ही डेअरीत तापवूनच पॅक केलेली. मग फरक कुठे पडला? पिशवीवरचा 'पाश्चराइज्ड' हा शब्द ज्याच्या नावावरून आला, त्या लुई पाश्चरबद्दल वाचायला बसलो आणि उत्तर भलतीकडेच सापडलं. त्याच्या विरोधकाच्या प्रयोगात.

पाश्चरचा जन्म १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील कातडी कमावायचे. तो शिकला रसायनशास्त्र, डॉक्टर कधीच नव्हता. १८५४ मध्ये लील शहरात प्राध्यापक झाला. तिथे बीटपासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराने १८५६ मध्ये तक्रार आणली की काही टाक्यांमधला माल आंबट होतोय. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवले. चांगल्या टाकीत यीस्टचे गोल गोल कण होते, बिघडलेल्या टाकीत काड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. म्हणजे माल आपोआप बिघडत नव्हता, तो कुणीतरी खात होतं. कोण खातंय त्यावर दारू होणार की आंबट पाणी, हे ठरत होतं.

पण हे 'कुणीतरी' येतं कुठून? रुआँ शहरातला निसर्गशास्त्रज्ञ पुशे म्हणायचा, सडणाऱ्या पदार्थात जीव आपोआप तयार होतात. पाश्चरचं म्हणणं, ते हवेतल्या धुळीबरोबर बाहेरून येतात. मग त्याने जे केलं ते कुठल्याही टेस्टरने शिकावं असं आहे. यीस्टचं साखरपाणी काचेच्या चंबूत उकळलं आणि चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकडी ओढली. हवा आत जाऊ शकते, पण धूळ वळणावर अडकते. पाणी स्वच्छ राहिलं. मान तोडली, की काही दिवसांत गढूळ! एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं.

१८६० मध्ये तो बंद केलेले चंबू घेऊन निघाला. प्रत्येक ठिकाणी २० चंबू क्षणभर उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. आर्बुआजवळ सपाटीवर २० पैकी ८ बिघडले, जुरा डोंगरावर ५, आल्प्समधल्या हिमनदीवर फक्त १. हवा जितकी स्वच्छ, तितकं बिघडणं कमी.

(पापड, मध, लोणचं यांच्यावरही हीच धूळ बसते बरं का. पण पापडात पाणीच नसतं आणि मधातली साखर किंवा लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे आलेल्या पाहुण्याला वाढता येत नाही. लोणच्यात ओला चमचा गेला की बुरशी येते, ती याच कारणाने.)

हे सगळं चालू असताना घरी काय होत होतं, तेही सांगायला हवं. १८५९ मध्ये नऊ वर्षांची थोरली मुलगी टायफॉइडने गेली. १८६६ मध्ये आणखी एक मुलगी त्याच आजाराने. त्याआधीच्या वर्षी एक लहानगी गेली होती. पाच मुलांपैकी दोन उरली. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून पसरतो, हे आज आपल्याला माहीत आहे.

आता त्या वादाकडे येऊ. १८६३ मध्ये पुशे आणि त्याचे साथीदार पिरेनीज पर्वतात गेले, तसेच चंबू उघडले, तर सगळे बिघडले! फरक इतकाच की पाश्चरचा काढा यीस्टचा होता, पुशेचा वाळक्या गवताचा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली, पण अटींवरून खटके उडाले आणि १८६४ मध्ये पुशेने माघार घेतली. निकाल पाश्चरच्या बाजूने लागला. गवताचा काढा समितीसमोर आलाच नाही. आमच्याकडे याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून तिकीट बंद करणं म्हणतात.

पाश्चरचा निष्कर्ष बरोबरच होता. पण पुशेला दिसलेला बगही खरा होता. १८७६-७७ च्या सुमारास जर्मनीत कोन आणि इंग्लंडमध्ये टिंडल यांनी तो शोधला. गवतावरचे काही जिवाणू संकट आलं की कडक कवचाचे बीजाणू बनून झोपतात. पाणी उकळलं तरी ते मरत नाहीत, थंड झालं की जागे होतात. पुढे १८७९ मध्ये पाश्चरच्याच प्रयोगशाळेतल्या शाम्बरलांने ऑटोक्लेव्ह बनवला. दाबाखालच्या वाफेत १०० अंशांच्या वर तापवायचं, म्हणजे बीजाणूही संपतात.

माझ्या फ्रिजचं उत्तर इथेच होतं. पाश्चरने १८६५ मध्ये पेटंट घेतलं ते वाइन तापवण्याचं. दुधासाठी ती पद्धत नंतर इतरांनी वापरली. पिशवीतलं दूध साधारण ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात. आजार पसरवणारे जिवाणू मरतात, बीजाणू आणि काही चिवट मंडळी उरतात, म्हणून फ्रिज लागतो. आई दूध रोज उकळते तरी ते कायमचं टिकत नाही, तेही यामुळेच. टेट्रापॅकचं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात भरतात.

त्या आठवड्यात मी ते पाकीट कापलं, अर्धं दूध चहाला वापरलं आणि उरलेलं तसंच कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेही नासलं. चंबूची मान मीच तोडली होती.