आकाशाचा कानोसा घेणारे वॉटसन-वॉट

उंच मनोऱ्यावर बसविलेली बिनतारी जाळ्याची पेटी सुरू केली, तरी कित्येकदा ती पूर्ण एक मिनिट मुकाट्याने बसून राहते. ती बिघडलेली नसते. आसपास कोठे रडार चालू आहे काय, ह्याचा ती कानोसा घेत असते. ज्या रडारचा ती एवढा मान राखते, त्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा फार मोठा, ते सर रॉबर्ट वॉटसन-वॉट मूळचे हवामानखात्यातील नोकर होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

१३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ब्रीकिन ह्या लहानशा गावी एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॉट आपले पूर्वज, असे ते सांगत. ते खरे असो वा नसो, घरी करवत आणि रंधा होता एवढे निश्चित. डंडी येथे शिकून १९१२ साली त्यांनी अभियांत्रिकीची पदवी मिळविली. तेथील प्राध्यापक विल्यम पेडी यांनी त्यांना बिनतारी लहरींची गोडी लावली.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ते हवामानखात्यात रुजू झाले. त्या काळची विमाने लाकडाची व कापडाची. गडगडाटी वादळात सापडली की वैमानिकाचे दैवच आड येई. वीज चमकते तेव्हा तिच्यातून बिनतारी लहरीही निघतात. जुन्या रेडिओवर पावसाळ्यात जी खरखर ऐकू येत असे, ती ह्याच लहरींची. इतरांना ती खरखर नकोशी वाटे. वॉटसन-वॉट मात्र ती कोणत्या दिशेकडून येते हे शोधू लागले. परंतु विजेचा लखलखाट क्षणार्धात विझतो, तेवढ्यात हाताने तारा फिरवून दिशा कशी काढावी? १९२३ च्या सुमारास त्यांनी ह्या कामी ऋणकिरणनलिका वापरली. वीज चमकताच तिच्या काचेवर तेजाची रेघ उमटे आणि दिशा दाखवी. दोन ठाण्यांवरील दिशारेषा नकाशावर जेथे छेदत, तेथे वादळ! माझ्या मते त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज येथेच आहे.

१९३५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने त्यांना एक विलक्षण प्रश्न विचारला. शत्रूच्या वैमानिकास दुरूनच ठार करणारे मृत्युकिरण निर्माण करता येतील काय? वॉटसन-वॉट यांनी आपले सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांना त्याचे एक साधेसे गणित करून घातले: पाच किलोमीटर दूर, एक किलोमीटर उंचीवर असलेले आठ पाइंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटपासून १०५ अंशांपर्यंत तापविण्यास किती शक्ती लागेल? आठ पाइंट म्हणजे साडेचार लिटर, माणसाच्या अंगातील रक्ताइतके! विल्किन्स यांनी मर्म ओळखले आणि उत्तर दिले की हे अशक्य आहे. तथापि त्यांना एक गोष्ट आठवली. जवळून विमान गेले की संदेशग्रहणात अडथळा येतो, अशी टपालखात्याच्या अभियंत्यांची तक्रार होती. अडथळा येतो ह्याचा अर्थ विमानावरून लहरी परततात. मग त्याच लहरींनी विमान शोधता येणार नाही काय?

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी ह्या कल्पनेची परीक्षा झाली. त्यासाठी नवे प्रक्षेपक यंत्र बांधलेच नाही. डॅव्हेंट्री येथील बी.बी.सी.चे केंद्र ४९ मीटर लांबीच्या लहरींवर परदेशांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित करीत होते, त्याच लहरी उसन्या घेतल्या! जवळच्या शेतात एका मोटारगाडीत ग्राहकयंत्र मांडले होते. वरून एक हेफर्ड बाँबविमान गेले आणि काचेवरील खूण हलू लागली. सुमारे आठ मैलांपर्यंत विमानाचा माग लागला. १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर सुमारे वीस रडारकेंद्रे उभी होती. सर्वोत्तम यंत्राची वाट पाहत न बसता चालेल असे यंत्र वेळेवर उभे करावे, हा त्यांचा बाणा. १९४० च्या हवाई युद्धात तोच उपयोगी पडला.

रडारचे जनक म्हणवून घेणे त्यांना आवडे. हा मान एकट्याचा नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. जर्मनीत हुल्समायर यांनी १९०४ सालीच लहरींच्या परावर्तनाने जहाज ओळखून दाखविले होते, आणि विल्किन्स यांचे नाव तर फारच मागे पडले. १९४२ साली वॉटसन-वॉट यांना सर ही पदवी मिळाली. पुढे कॅनडात असताना गाडी वेगाने हाकल्याबद्दल त्यांना दंड झाला. तो वेग मोजला होता पोलिसांच्या रडारने! ५ डिसेंबर १९७३ रोजी इन्व्हर्नेस येथे ते वारले.

युद्धकाळात रडारच्या पडद्यावर पावसाचेही ठिपके उमटत आणि शत्रू शोधणाऱ्यांना ते त्रासदायक वाटत. हवामानशास्त्रज्ञांनी मात्र त्यांतूनच पाऊस पाहणारे रडार घडविले. अशी पुष्कळ रडारे आज सुमारे ५.६ गिगाहर्ट्झवर चालतात. घराबाहेरील बिनतारी जाळ्यांनाही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा हवा होता. २००३ साली जिनीव्हा येथील जागतिक परिषदेत तोड निघाली: पट्टा वापरा, पण रडारला वाट द्या. म्हणून ती पेटी आधी साठ सेकंद ऐकते. पुढे केव्हाही रडारचे स्पंद कानी पडले, तर दहा सेकंदांत ती वाहिनी सोडते, आपण होऊन दुसरी निवडते आणि सोडलेल्या वाहिनीकडे अर्धा तास फिरकत नाही.

हा नियम न पाळल्यास काय होते, ते २००९ साली पोर्टो रिकोतील सान हुआन येथे दिसले. तेथील विमानतळासाठी वादळी वारे हेरणाऱ्या रडारच्या पडद्यावर खोट्या रेघा उमटू लागल्या. शोध घेता, त्या गावातील उघड्यावर बसविलेल्या बिनतारी पेट्यांमुळे उमटत असल्याचे आढळले. उतरणाऱ्या विमानास खाली दाबणारा वारा ज्या दिशेस असेल, नेमकी तीच दिशा अशा रेघेने झाकली जाऊ शकते. युरोपात हवामान-रडारच्या पट्ट्यात बोलण्यापूर्वी पेटीने एक नव्हे, दहा मिनिटे ऐकत बसावे असा नियम आहे.